फाईल सरकारने अडवली, तर राहायचा हक्क माणसाला मिळालाच पाहिजे

सरळ मुद्द्यावर येतो. एखादा माणूस जीव वाचवायला, धर्म वाचवायला म्हणा, आपला देश सोडून दुसऱ्या देशात आला, तिथल्या सरकारला म्हणाला की मला परत जाता येत नाही, मला इथं राहू द्या, सरकारने त्याचा अर्ज घेतला, पावती दिली, आणि मग पाच वर्षं, दहा वर्षं, पंधरा वर्षं हो पण म्हटलं नाही अन् नाही पण म्हटलं नाही, तर त्या माणसाला तिथं कायमचं राहायचा हक्क मिळाला पाहिजे. दया म्हणून नाही, निवडणुकीच्या आधीची घोषणा म्हणून पण नाही, कायद्यात लिहिलेला हक्क म्हणून. उशीर सरकारचा आहे, मग त्याची किंमत अर्जदाराने का मोजायची, एवढा साधा प्रश्न आहे माझा.

कोणी म्हणेल खान्देशात बसून तुला हा विषय कुठून सुचला, आपल्याकडे केळीचा भाव, कापसाचा भाव, तापीचं पाणी हे विषय आहेत. तर जळगावच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. फाळणीनंतर सिंधी समाज इथं आला, कंवरनगर, सिंधी कॉलनी उभी राहिली, फुले मार्केटमध्ये दुकानं लागली, ते लोक कधीचेच आपले झाले, अहिराणी बोलणारे सिंधी दुकानदार मी स्वतः पाहिलेत. पण हे येणं 1947-48 ला थांबलं नाही. त्यानंतरही थोडी थोडी कुटुंबं सिंधमधून निघून नातेवाईकांकडे येतच राहिली, आणि आज जिल्ह्यात अशी काही शे माणसं आहेत ज्यांच्याकडे पाकिस्तानचा पासपोर्ट आहे, भारताचा एलटीव्ही आहे म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा, आणि नागरिकत्वाचा अर्ज कुठल्या तरी टेबलावर आहे. नागपूरला तर असे लोक याहून कितीतरी जास्त, उल्हासनगर-ठाण्यात पण आहेत.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे म्हणून हे कागद माझ्या हाताखालून जातात. एक काका आहेत, सिंधमधल्या सक्करकडून आलेले, कापडाच्या दुकानात कामाला लागले अन् नंतर स्वतःचं छोटं दुकान टाकलं. त्यांची फाईल म्हणजे कापडाची एक मोठी पिशवी, तिच्यात प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिकमध्ये. जुना पासपोर्ट, त्याला दोऱ्याने बांधलेला नवा पासपोर्ट, रहिवासी परवाना, दर वेळच्या मुदतवाढीची प्रिंट, भारतीय नागरिकाने दिलेलं हमीपत्र, स्टॅम्प पेपरवरची प्रतिज्ञापत्रं, लाईट बिलं, घरमालकाचं संमतीपत्र, पोलीस पडताळणीच्या वेळी दिलेल्या अर्जाची पोच. घरमालक बदलला की अर्धी पिशवी नव्याने करायची. हमी देणारा माणूस वारला तर दुसरा शोधायचा, आणि एखाद्याला जाऊन म्हणायचं की मी दहा वर्षं इथं आहे पण माझ्यासाठी सही करा, हे किती जड जातं ते त्यांच्या तोंडाकडे पाहून कळायचं. एका सरकारी ऑफिसात त्यांना सांगितलं की फाईल वर पाठवली, वरून सांगितलं आलीच नाही, मग परत सगळ्या कागदांचे सेट. ऑफिसचं नाव घेत नाही, कारण कुठल्या एका टेबलाचा हा प्रश्न नाही, तिथल्या बाईंनी मदतही केली होती, पण त्यांच्या हातात निर्णयच नव्हता.

एलटीव्हीवर असलेल्या माणसाचं आयुष्य कसं असतं हे आपल्याला माहीत नसतं. 2016 मध्ये केंद्राने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या तिथल्या अल्पसंख्याकांना काही सवलती दिल्या, म्हणजे बँकेत खातं, पॅन, आधार, ड्रायव्हिंग लायसन्स, राहण्यापुरतं छोटं घर, धंद्यापुरती जागा, राज्यात फिरायला मोकळीक. हे चांगलंच झालं, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण विचार करा की साधं बँकेत खातं काढणं ही सुद्धा सवलत म्हणून द्यावी लागली. आणि आजही मत नाही, सरकारी नोकरी नाही, भारतीय पासपोर्ट नाही, मोठं कर्ज देताना बँकवाला दहा वेळा विचार करतो, लग्न जमवताना समोरचे विचारतात की कागद झाले का. काकांच्या मुलीचं लग्न इंदूरला झालं. जळगावहून इंदूर काय लांब आहे हो, रात्री बसलं की सकाळी पोचतो, पण ते दुसरं राज्य, म्हणून मुलीकडे जायचं तरी आधी परवानगी.

त्याहून वाईट पुढच्या पिढीचं आहे. आपल्याला वाटतं की मूल भारतात जन्मलं म्हणजे भारतीय. तसं नाही. 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एक तरी भारतीय नागरिक पाहिजे आणि दुसरा बेकायदा आलेला नको, असा कायदा आहे. म्हणजे नवराबायको दोघंही तिकडून आलेले असतील तर जळगावात जन्मलेलं पोर, जन्मदाखला जळगाव महापालिकेचा, शाळा मराठी, पहिलीपासून प्रतिज्ञा म्हणतंय की भारत माझा देश आहे, ते पोर कागदावर परदेशी. आईबापाचा अर्ज जितकी वर्षं लटकला तितकी वर्षं ते पोर पण लटकलं. बारावीनंतर फॉर्म भरायला बसतो ना आम्ही, तेव्हा राष्ट्रीयत्वाचा रकाना येतो अन् तिथं घोडं अडतं. पोराने मोबाईलवर टाईप करता करता एकदम वर बघितलं की मला काय सांगावं ते कळत नाही, कारण त्याने तर काहीच केलेलं नाही, त्याने देश पण सोडलेला नाही.

2025 च्या एप्रिलमध्ये पहलगामला हल्ला झाला 22 तारखेला, आणि सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा 27 एप्रिलपासून रद्द केले. देश चिडलेला होता, मी पण चिडलेलो होतो. पण त्या दोन दिवसात आमच्या दुकानात जी माणसं आली त्यांचे चेहरे मी विसरू शकत नाही. व्हिसा रद्द म्हणजे आमचा पण का? परराष्ट्र मंत्रालयाने खुलासा केला की हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधीच दिलेले एलटीव्ही चालू राहतील, तो खुलासा मी किती जणांना मोबाईलवर मोठ्याने वाचून दाखवला. टीव्हीवर जिल्ह्याजिल्ह्यात किती पाकिस्तानी आहेत त्याचे आकडे चालू होते आणि त्या आकड्यात जळगाव पण होतं. ज्या आकड्याला लोक घाबरत होते त्यात आपल्याच गल्लीतली म्हातारी होती, जी पाकिस्तानातून यासाठीच आली की तिथं तिला राहता येईना. तिला दोन्हीकडून तोच शिक्का. काका त्या दिवशी दुकान उघडू का नको असं विचारायला आले होते, मी म्हटलं काका उघडा, तुम्ही काय केलंय, तर म्हणाले, "बेटा, केलं काही नाही, पण कागद तर त्यांचाच आहे ना." यावर मी काय बोलणार. तो कागद त्यांचाच राहिला याला कारण इतकंच की आपल्या सरकारने आपला कागद द्यायला इतकी वर्षं लावली.

आपल्याकडे म्हण आहे, सरकारी काम अन् सहा महिने थांब. आता संविधानाचं कलम 6 काढून वाचा. फाळणीत पाकिस्तानातून आलेल्यांचं काय करायचं ते त्यात लिहिलंय. 19 जुलै 1948 च्या आधी जो आला आणि इथंच राहिला, तो नागरिक. त्या तारखेनंतर जो आला त्याने संविधान लागू होण्याआधी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करून नोंदणी करायची, रहिवासाची अट एवढीच की अर्जाच्या आधी किमान सहा महिने तो भारतात राहिलेला असावा. सहा महिने! तेव्हा देश नुकताच उभा राहत होता, छावण्यांमध्ये लाखो लोक, रेल्वेने रोज माणसं उतरतायत, दंगली, काश्मीरात लढाई, टाईपरायटर आणि टपालावर सगळा कारभार, कॉम्प्युटर नाही की आधार नाही. तरी त्या लोकांना सुचलं की आलेल्या माणसाला लवकर सांगून टाकायचं तू आमचा आहेस, म्हणजे तो कामाला लागेल. आणि ते लागलेच. कल्याणच्या छावणीचं उल्हासनगर झालं ते कोणी उपकार केले म्हणून झालं नाही, कागद हातात पडल्यावर माणसाने दुकानात पैसा घातला म्हणून झालं. आमच्या जळगावच्या कापड बाजाराचं पण तेच.

आणि आता बघा. नेहमीच्या मार्गाने नागरिकत्व हवं असेल तर शेवटचं सलग एक वर्ष आणि त्याआधीच्या 14 वर्षांत मिळून 11 वर्षं इथं राहायचं, म्हणजे बारा वर्षं झाली. आणि ती झाल्यावर फक्त अर्ज करायची पात्रता येते, निकाल कधी ते कोणी लिहून दिलेलं नाही. 2016 मध्ये काही जिल्ह्यांच्या कलेक्टरांना नागरिकत्व द्यायचे अधिकार दिले, फी पण हजारोंवरून 100 रुपयांवर आणली, त्या यादीत महाराष्ट्रातले मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर होते. जळगाव नव्हतं. म्हणजे एकाच दिवशी सिंधमधून निघालेले दोन भाऊ, एक नागपूरला मामाकडे गेला आणि एक जळगावला आत्याकडे, तर नागपूरवाल्याचा निर्णय तिथल्या कलेक्टरकडे अन् आमच्याकडच्याची फाईल मुंबई मग दिल्ली. यात त्या माणसाचा काय दोष, त्याची आत्या खान्देशात दिली होती एवढाच.

मग त्याच तीन देशांतल्या अल्पसंख्याकांसाठी 2019 चा सीएए म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायदा आला, नियम यायला 11 मार्च 2024 उजाडलं. त्यात अकराऐवजी पाच वर्षं केली, मुदत संपलेला पासपोर्टही पुरावा म्हणून चालेल असं केलं, फाईल टपाल खात्याच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीतून जनगणना संचालकांच्या समितीकडे जाते, राज्य सरकारच्या टेबलावरून नाही. काकांचं काम शेवटी याच मार्गाने झालं, प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा त्यांनी पेढे आणले, मी लगेच पासपोर्टचा फॉर्म भरून दिला. पण तो कायदा 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांनाच. काकांचा धाकटा भाऊ 2015 च्या फेब्रुवारीत आला. त्याच गावातून, त्याच कारणाने, एकाच घरात राहतो, एकाच ताटात जेवतात म्हणा ना. एक भारतीय, एक पाकिस्तानी. सप्टेंबर 2025 च्या एका आदेशाने 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्यांना कागद नसले तरी शिक्षेतून सूट दिली आहे, पण शिक्षा न होणं वेगळं आणि कायमचं राहायचा हक्क वेगळा. धाकट्याला अजून बारा वर्षांचाच हिशोब.

सगळ्यात जास्त मला ज्याचा राग येतो ते सांगतो. भारतात कायमच्या रहिवासाची सोयच नाही असं नाही. 31 ऑगस्ट 2016 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने परदेशी गुंतवणूकदारांसाठी ती मंजूर केली. 18 महिन्यांत 10 कोटी नाहीतर तीन वर्षांत 25 कोटी रुपये गुंतवा, दर वर्षी निदान 20 भारतीयांना रोजगार होईल असं बघा, मग 10 वर्षांचा रहिवास, पुढे वाढवता येतो, बायकोमुलांना पण. गुंतवणूक यावी याला माझा विरोध नाही. पण मग हे सिद्ध झालं ना, की नागरिकत्व न देता कायमचा रहिवास देता येतो, त्याचा साचा सरकारकडे तयार आहे. पंधरा वर्षं इथं राहून, जीएसटी भरून, दोन पोरांना कामावर ठेवून जो माणूस राहिला त्याने काय कमी गुंतवलं?

बाहेरच्या देशांचं बघू, कारण तिकडे निदान शरण मागायचा कायदा तरी आहे. आपण 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, 1967 च्या पुरवणी करारावर पण नाही, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून 1946 च्या जुन्या परदेशी नागरिक कायद्याच्या जागी नवा कायदा आला तरी शरणार्थी कोण आणि त्याचा अर्ज किती दिवसात निकाली काढायचा हे सांगणारा कायदा आपल्याकडे नाहीच. शशी थरूर यांनी लोकसभेत 2015 ला आणि परत 2022 ला खासगी विधेयक मांडलं, पुढे काही झालं नाही.

पण कायदा असूनही काय होतं ते ब्रिटनमध्ये दिसतं. 2006 मध्ये तिथले गृहमंत्री जॉन रीड यांनी संसदेत कबूल केलं की न सुटलेल्या जुन्या शरण-अर्जांच्या फायली चार ते साडेचार लाख आहेत, आणि पाच वर्षांत त्या संपवू. 2011 पर्यंत त्यातल्या दीड लाखाहून जास्त लोकांना राहायची परवानगी मिळाली, परत पाठवलेले त्यामानाने फार थोडे. खासदारांच्या समितीने म्हटलं की ही तर एक प्रकारे सरसकट माफीच झाली. आणि 2012 मध्ये तपासणी झाली तेव्हा न उघडलेल्या टपालाची 150 खोकी सापडली, अर्जदारांची, वकिलांची, खासदारांची पत्रं, कोणी फोडलेलीच नाहीत. विचार करा, त्या खोक्यात कोणाच्या तरी आईच्या मृत्यूचा दाखला असेल, कोणाचा नवीन पत्ता असेल, आणि तो माणूस पोस्टमनची वाट बघत बसलेला. मला ही माफी हा शब्दच चुकीचा वाटतो, माफी गुन्ह्याला असते. अर्ज करून वाट बघणं हा गुन्हा कधीपासून झाला? वर त्याच ब्रिटनमध्ये 14 वर्षं कशीही राहिली तर कायम रहिवास मागता येईल असा नियम होता, तो 2012 मध्ये काढून 20 वर्षं केला. म्हणजे वेळेला किंमत आहे हे मान्य, फक्त ती किंमत सरकार आपल्या सोयीने वाढवतं.

अमेरिकेत तर गंमत नाही, अन्यायच आहे. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अर्ज आल्यावर 45 दिवसांत पहिली मुलाखत आणि 180 दिवसांत निर्णय, काही खास अडचण नसेल तर. वाचून बरं वाटतं. पण त्याच कलमात खाली लिहिलंय की या मुदतींवरून कोणाला सरकारविरुद्ध हक्क सांगता येणार नाही. मग त्या 180 दिवसांना अर्थ काय राहिला? तिथं दहा लाखांच्या वर अर्ज साठले. आणि 2018 च्या जानेवारीपासून त्यांनी शेवटी आलेल्याला आधी घ्यायचं ठरवलं, कारण खोटे अर्ज टाकून कामाचा परवाना मिळवणाऱ्यांना आळा बसावा. हेतू मला समजतो. पण रेशनच्या लाईनीत पहाटे चारला नंबर लावलेल्या माणसाला सांगायचं की आता मागून वाटप सुरू, असं झालं ते. मंजूर झालं तर एका वर्षानंतर ग्रीन कार्डचा म्हणजे कायम रहिवासाचा अर्ज करता येतो, पण मंजूर व्हायच्या आधीची ती आठ-दहा वर्षं? त्यात तिकडे आईवडील जातात, जाऊन तोंड बघता येत नाही, कारण ज्या देशातून पळून आलो म्हणून अर्ज केला तिथंच गेलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

चांगली उदाहरणं पण आहेत. आयर्लंडने 2022 मध्ये एक योजना काढली, त्यात ज्यांचा शरणाचा अर्ज दोन वर्षं किंवा जास्त लटकलाय त्यांनाही घेतलं, तपासणी केली आणि राहायचा, काम करायचा कागद दिला, ज्यावरून पुढे नागरिकत्वापर्यंत जाता येतं. जर्मनीने 2022 च्या शेवटच्या दिवशी कायदा लागू केला की 31 ऑक्टोबर 2022 ला ज्यांना परत पाठवणं तात्पुरतं थांबवलेल्या अवस्थेत पाच वर्षं झाली होती त्यांना 18 महिने द्यायचे, तेवढ्यात भाषा शिका, कमाई दाखवा, ओळखपत्र आणा, मग पुढचा रहिवास. अटी होत्या, पण माणसाला माहीत तर होतं की काय केलं म्हणजे सुटका होईल. आयर्लंडची योजना मात्र सहा महिने चालून बंद झाली. एकदाच उघडणारी खिडकी म्हणजे जो तेव्हा आजारी होता, ज्याला कळलं नाही, तो परत बाहेर. म्हणून मी म्हणतो योजना नको, नियम पाहिजे.

आता विरोधात जे बोललं जातं ते. सुरक्षा. मान्य, शंभर टक्के मान्य, सीमेपलीकडून कोण येतंय हे तपासलंच पाहिजे, आणि कसून. पण तपास पहिल्या वर्षी करायचा असतो का पंधराव्या? जो माणूस दर मुदतवाढीला पोलिसांसमोर उभा राहतो, ज्याचा पत्ता, फोटो, हमी देणारा, बँक खातं सगळं सरकारकडे आहे, त्याच्याइतका तपासलेला माणूस तुमच्या-माझ्या कॉलनीत दुसरा कोणी नाही. ज्याच्याविरुद्ध काही सापडलं त्याला कारण लिहून नाही म्हणा, त्याला अपिलाचा मार्ग द्या. सापडलं काहीच नाही आणि तरी फाईल हलत नाही, त्याला सुरक्षा म्हणू नका. दुसरं म्हणतात की लोक मुद्दाम केस लांबवतील. मग अर्जदारामुळे जितका उशीर झाला तितके दिवस मोजू नका, कोर्टात मुदतीचे दिवस मोजताना करतात तसं, त्यात अवघड काय आहे.

तिसरा आक्षेप मला जास्त लागतो, कारण तो आपल्या माणसाकडून येतो. शहाद्याकडचे एक आप्पा आहेत, जमिनीच्या कामांसाठी येतात, ते ऐकत बसले होते, म्हणाले, "आपला लोकेस्ले कागद भेटस नही, मंग त्यास्ले कसाले?" खरंच आहे. नंदुरबार जिल्ह्यात वनहक्काचे दावे बघा. कायदा 2006 चा, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो जमीन कसतोय त्याला हक्क मिळायचा, अन् अजून लोक दावे घेऊन फिरतायत, मार्च 2018 ला नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी पायी गेले त्यात ही मोठी मागणी होती. अक्कलकुवा, धडगावची सरदार सरोवरात गेलेली गावं, राज्यातली 33 गावं बुडितात, मणिबेलीत 1993 मध्ये पाणी शिरलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं लोक आपण बाधित आहोत हे सिद्ध करत राहिले. सातपुड्यातला माणूस तर कुठून आलेला पण नाही.

पण आप्पांना मी जे सांगितलं तेच इथं लिहितो. त्या सिंधी माणसाचा कागद अडवल्याने पावरा-भिलांचा दावा मंजूर होत नाही. दोघांनाही एकाच सवयीने मारलंय, निर्णय न घेता बसून राहायच्या. आणि वनहक्क कायद्यात एक गोष्ट आहे जी शरण मागणाऱ्यांच्या बाबतीत नाही. कलम 4 मध्ये लिहिलंय की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कब्जेदाराला हटवता येणार नाही. हे वाक्य लोकांनी लढून मिळवलंय. 2019 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवायचा आदेश दिला आणि पंधरा दिवसांत स्वतःच त्याला स्थगिती दिली, कारण विचारणा झाली की फेटाळताना नीट ऐकून तरी घेतलं होतं का.

धरणाचं निघालंच आहे तर चकमांचं सांगतो. आजच्या बांगलादेशातल्या चितगावच्या डोंगराळ भागात कप्ताई धरण झालं, जमिनी बुडाल्या, धर्मावरून छळ होता, 1964 पासून चकमा लोक भारतात आले, सरकारने त्यांना अरुणाचलात वसवलं. त्यांनी नागरिकत्वाचे अर्ज केले तर स्थानिक अधिकाऱ्यांनी ते पुढेच पाठवले नाहीत. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अर्ज पुढे पाठवा आणि निर्णय होईपर्यंत कोणाला हाकलू नका. तरी झालं नाही, परत 2015 मध्ये कोर्टाने तीन महिन्यांची मुदत घालून दिली. 1964 ते 2015 मोजा. जे कडेवर बसून आले त्यांना नातवंडं झाली असतील. मणिबेलीच्या माणसाला ही गोष्ट सांगून बघा, त्याला एका मिनिटात समजेल, परदेशी कोण अन् देशी कोण हे विचारायची पण त्याला गरज पडणार नाही.

म्हणूनच मला असंही वाटतं की मुदतीचा हा नियम धर्म बघून लावता येणार नाही. कोणाला शरण द्यायची यावर वाद घाला, संसदेत घाला, तो मोठा वाद आहे. पण एकदा अर्ज घेतला, माणसाला राहू दिलं, तर उत्तर द्यायची जबाबदारी सगळ्यांच्या बाबतीत सारखीच. तामिळनाडूच्या छावण्यांमध्ये 1983 पासून आलेले श्रीलंकन तमिळ आहेत, त्यातले कितीतरी हिंदू, सीएएच्या यादीत त्यांचा देशच नाही. 1959 पासूनचे तिबेटी आहेत. यांना पण कोणीतरी सांगायला पाहिजे ना की तुमचं काय.

मागणी काय ते नीट मांडतो, उगाच हवेत नको. आपल्या महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. तहसीलमध्ये जा, भिंतीवर बोर्ड आहे, कुठला दाखला किती दिवसात, कोण अधिकारी, वर अपील कोणाकडे, आणि उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. डोमिसाईलचा दाखला मी रोज काढून देतो, त्याला 15 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, पण दिवस ठरलेले आहेत, दिवस उलटले तर अपील करता येतं. नागरिकत्वाच्या अर्जाला असा बोर्ड का नाही? अर्ज आल्यावर एका वर्षात सुरक्षेची तपासणी पुरी, दोन वर्षांत हो किंवा नाही, नाही असेल तर कारणासकट लेखी. आणि अमेरिकेसारखी नुसती मुदत नको जिला दातच नाहीत. सरकारने मुदत पाळली नाही आणि अर्जदाराच्या अर्जापासून पाच वर्षं झाली, तर कायम रहिवास मिळाला असं मानायचं. आपल्या कायद्याला ही कल्पना नवीन नाही, बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नाही तर महाराष्ट्रात मानीव अभिहस्तांतरण होतं की नाही? बिल्डर अडून बसला म्हणून फ्लॅटवाल्याने जन्मभर थांबायचं नाही हे आपण मान्य केलं. नागरिकत्व हवं तर नंतर द्या, त्याचा वेगळा विचार करा, पण राहायचं, कमवायचं, घर घ्यायचं, आजारी बहिणीला बघायला दुसऱ्या राज्यात जायचं, आणि इथं जन्मलेल्या पोराने इथलं म्हणून फॉर्म भरायचं, एवढं कायम करून टाका.

आणि हे सगळं दिल्लीत होईपर्यंत एक काम इथंच होऊ शकतं. नागपूर-ठाण्याच्या कलेक्टरला 2016 मध्ये दिले तसे अधिकार जळगावच्या कलेक्टरला द्या, एवढी मागणी आपल्या दोन्ही खासदारांनी, जळगावच्या आणि रावेरच्या, केंद्रीय गृहमंत्रालयाकडे लेखी करावी. एका अधिसूचनेचं काम आहे, कायदा बदलायची पण गरज नाही. सोबत जिल्ह्यात किती अर्ज किती वर्षांपासून पडून आहेत त्याची यादी, नावं नकोत, फक्त अर्जाचं वर्ष आणि सध्या कुठल्या पातळीवर आहे ते, दर महिन्याला लावायला सांगा. व्यापारी संघटनांनी, सिंधी पंचायतीने, बाकीच्या समाजाच्या मंडळींनी पण एकत्र निवेदन द्यावं, फक्त सिंधी समाजावर सोडू नये. निवेदनाचा मसुदा मी तयार केलाय, ज्याला पाहिजे त्याने दुकानातून न्यावा, पैसे लागणार नाहीत.